वर्षाचा कोर्स

सोलापूर,
८ नोव्हेंबर २०२२

प्रिय विजू,

अक्षर ओळखलंस का? ओळखायलाच हवं. शाळेत तुझ्या भूगोलाच्या वहीतले सगळे नकाशे मी काढलेत आणि शाबासकी तू घेतलीस.

तुझा पत्ता तुझ्या सिद्धरामदादाकडून मिळाला. सात रस्त्यावर औषधाच्या दुकानात भेटला. तो तुझ्या आईच्या बीपीच्या गोळ्या घेत होता, मी माझा पंप. पंप बघून म्हणाला, "अगं, विजू पुण्यात दम्यावरच काम करते की! पेशंट तपासत नाही, पण पेशी तपासते." मग ठरवलं, तुलाच विचारायचं. फोन का केला नाही म्हणशील. फोनवर चार वाक्यांपुढं मला दम पुरत नाही, आणि ऐकणारा घाबरतो. कागदावर थांबत थांबत लिहिता येतं. तूही पत्रच लिही. आमच्या घरात फोन सगळ्यांचा असतो.

माझं सासर तुला माहीत नाही. खाली गाद्यांचं दुकान, वर आम्ही. पुढच्या बाजूला नव्या गाद्या, आणि मागच्या खोलीत लोकांच्या जुन्या गाद्या उसवून तोच कापूस पुन्हा पिंजायचं यंत्र. ते सुरू झालं की धूळ जिन्यानं वर चढते. परातीतल्या पिठावर बसते, राहतच्या दप्तरावर बसते. राहत म्हणजे माझी मुलगी, चौथीत आहे. तिच्या जन्मानंतर माझ्या शिंका सुरू झाल्या, मग खोकला, आणि आता हे. रात्र बसून काढते. जिना चढले की मधल्या पायरीवर टेकते. निळा पंप ओढला की तासभर बरं, मग पुन्हा तेच.

नवरा वाईट नाही. सरफराज माझ्यासाठी यंत्र दुपारी लावतो, तेव्हा मी गच्चीवर जाऊन बसते. पण सासू, सुगराबी, सगळ्यांसमोर म्हणते, "आमी ह्याच धुळीत म्हातारे झालो. आमाला कुणाला न्हाय झालं. हिलाच कसं होतंय? लई नखरे." राग येतो विजू, पण प्रश्न काही चुकीचा नाही, म्हणूनच टोचतो. मलाच कसं?

डॉ. बसवराज चांगले आहेत. ॲलर्जी म्हणतात आणि पुढच्या पेशंटला हाक मारतात. तू मला नीट सांग. माझ्या छातीत चालतं तरी काय?

तुझी,
झीनत

*

पुणे,
२० नोव्हेंबर २०२२

झीनत,

पाकिटावरचं अक्षर पाहूनच मी प्रयोगशाळेत मोठ्यानं हसले. सगळे बघायला लागले. नकाशांचं खरं आहे.

आता ऐक. जुन्या गादीत डोळ्यांना न दिसणारे किडे असतात. माणसाच्या अंगावरून गळलेल्या कातडीवर ते जगतात. त्यांची विष्ठा धुळीतून तुझ्या छातीत जाते, आणि तिच्यात असा एक रस असतो की तो श्वासनळीच्या आतलं अस्तर तोडतो. अस्तरातली पेशी अशी मारली गेली की तिच्या पोटातली रसायनं बाहेर सांडतात. शरीराला ती धोक्याची हाक वाटते. ती ऐकून बचावाच्या पेशी धावत येतात. त्यांतल्या एका जातीला इओसिनोफिल म्हणतात. नाव लक्षात ठेव, रक्ताच्या रिपोर्टवर दिसेल.

या पेशींनी काम झालं की गुपचूप मरायचं असतं. मरण ठरलेलं असतं, शेजारच्या पेशी त्यांना गिळतात आणि जागा साफ करतात. तुझ्यासारख्या माणसांत मात्र दुसऱ्या पेशी त्यांना एक निरोप पाठवत राहतात: मरू नका, थांबा. त्या थांबतात, साठतात. मग धड मरत नाहीत, फुटतात. आत भरलेले विषारी कण बाहेर पडतात, त्यांचे धागे कफात मिसळतात. तुझा कफ रबरासारखा चिवट येतो ना? तो त्यामुळे.

तुझ्या सासूच्या शरीरात हा निरोप जात नाही, एवढाच फरक. नखरे नाहीत. हे पत्र त्यांना वाचून दाखव, हवं तर.

निळा पंप फक्त नळी सैल करतो, आतली सूज तशीच राहते. तपकिरी पंप सूज उतरवतो, तो रोज घे. आणि निदान झोपायला तरी त्या घरातून बाहेर पड.

आता चांगली बातमी. तो "मरू नका"चा निरोप वाटेतच अडवणारं इंजेक्शन आहे. ते विकत घेणं आपल्यासारख्यांच्या आवाक्यातलं नाही, पण सोलापुरातल्या एका खासगी रुग्णालयात त्याचा अभ्यास सुरू होतोय. डॉ. बसवराजच तो बघणार आहेत आणि रक्ताचे नमुने तपासायला आमच्याकडे येतील. सगळ्यांना खरं औषध, तुलनेसाठी नुसत्या पाण्याची सुई कुणालाच नाही. महिन्याला एक, वर्षभर मिळेल, फुकट. लगेच नाव दे.

विजू

*

सोलापूर,
२५ जानेवारी २०२३

प्रिय विजू,

घेतलं मला! रक्तात त्या तुझ्या पेशी इतक्या निघाल्या की डॉ. बसवराजांनी रिपोर्ट दोनदा वाचला. पहिलं इंजेक्शन दंडात दिलं, मुंगी चावल्यासारखं.

सही करायच्या आधी एका मुलीनं पानंच्या पानं वाचून दाखवली. एक प्रत इंग्रजीत, एक मराठीत. मराठी जास्त अवघड होती. शेवटी मी विचारलं, "किती दिवस घ्यायचं?" ती म्हणाली, "वर्षभर." मी म्हणाले, "झालं तर मग." टीबीचा सहा महिन्यांचा कोर्स असतो, आमच्या शेजारच्या बजाबाईंनी केला आणि ठणठणीत झाल्या. हा वर्षाचा. वर्षाचा कोर्स आहे म्हटल्यावर सासूसुद्धा मऊ झाली. तिला वाटत होतं जन्माचं दुखणं घरात आलंय.

तुझं पत्र तिला वाचून दाखवलं. सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाली, "म्हंजे माझ्या अंगात चांगलं रगत हाय म्हणायचं." घे!

दुसरी गोष्ट. सरफराजनं सात रस्त्याच्या मागं एक खोली भाड्यानं घेतली. तिथं कापूस नाही, रबराची गादी आहे. गादीवाल्याच्या घरी रबराची गादी, लोक हसतात. रात्री आम्ही तिघं तिथं झोपतो. कोर्स संपेपर्यंत खोली ठेवायची असं ठरलंय.

तपकिरी पंपही चालू आहे. तू सांगितलंस म्हणून.

तुझी,
झीनत

*

पुणे,
११ फेब्रुवारी २०२३

झीनत,

घाईत लिहितेय. फार आनंद झाला. कोर्समधली एकही सुई चुकवू नकोस, तारखा इकडे-तिकडे झाल्या की आमचे आकडे बिघडतात. खोली घेतली हे उत्तम. सरफराजना माझा नमस्कार सांग.

आमच्याकडे नळ्यांवर नावं नसतात, नुसते क्रमांक. त्यामुळे तुझं रक्त हातात आलं तरी मला कळणार नाही. पण कुठली तरी एक नळी तुझी असेल, याची गंमत वाटते.

विजू

*

सोलापूर,
१७ ऑगस्ट २०२३

विजू ग,

आज मी बसच्या मागं पळाले. आणि बस पकडली! आत चढून उभी राहिले तर दम लागला होता, पण तो सगळ्यांना लागतो तसला. शेजारची बाई म्हणाली, "अहो बसा की," आणि मी म्हणाले, "नको, मला उभं राहायचंय." वेडी समजली असेल.

मी आडवी झोपते. उशी एकच. राहतच्या शाळेत जाऊन आले, वरच्या मजल्यावर वर्ग आहे, मधे कुठं टेकले नाही. माळशिरसला मावसबहिणीच्या लग्नात ढोलकी मी वाजवली आणि गायलेसुद्धा. सरफराज बायकांच्या मांडवाबाहेर उभा राहून ऐकत होता. नंतर म्हणाला, "तू गातेस हे मला म्हाईतच नव्हतं." लग्नाला इतकी वर्षं झाली आणि त्याला माझा आवाज माहीत नव्हता. खोकला माहीत होता.

निळा पंप कपाटात पडून आहे. रक्ताच्या रिपोर्टमध्ये त्या पेशी जवळजवळ नाहीतच. तुझी आठवण काढून मी एकटीच हसते. दुसऱ्या पेशी निरोप पाठवत असतील, मरू नका, मरू नका, आणि ऐकायलाच कुणी नाही!

एक सांगायचं राहिलं. मधूनमधून दुकानात बसते. खोळी शिवायला. मागच्या खोलीत जात नाही, म्हणजे फारशी नाही. शिवणारी बाई सोडून गेली, सीझन तोंडावर, आणि मी धडधाकट असून गच्चीवर बसायचं हे मलाच बरं दिसेना. रागावू नकोस.

तू मला श्वास दिलास विजू. हे वाक्य नाटकी वाटेल, पण दुसरं सुचत नाही.

तुझी,
झीनत

*

पुणे,
९ ऑक्टोबर २०२३

झीनत,

उत्तराला उशीर झाला. महिनाभर जर्मनीत होते, तिथं आमच्या अभ्यासाचं काम मांडलं. लोकांना फार आवडलं. पडद्यावरच्या आलेखात सगळ्या पेशंटच्या पेशींच्या रेघा खाली उतरताना बघून मला तुझी बसच आठवली.

दुकानात बसू नकोस. जमेल तितकं टाळ.

अजून एक. अभ्यास संपल्यावर तीन महिन्यांनी तुम्हा सगळ्यांचं एकदा रक्त घेतील. तेही द्यायला जा हं, आमच्या दृष्टीनं ते फार महत्त्वाचं आहे.

विजू

*

सोलापूर,
४ फेब्रुवारी २०२४

प्रिय विजू,

कोर्स पूर्ण झाला! शेवटचं इंजेक्शन घेऊन आले, येताना पेढे घेतले. त्या सही घेणाऱ्या मुलीला दिले, डॉ. बसवराजांना दिले. ते म्हणाले, "स्टडी कम्प्लीट. पंप मात्र सोडू नका." मी विचारणार होते, बरी झाले तर पंप कशाला, पण बाहेर रांग होती.

आम्ही सात रस्त्याची खोली सोडली. दोन घरं चालवणं जड जात होतं, आणि सासू रोज म्हणायची, "बरी झाली न्हवं? मग?" बरी झालेच होते. रबराची गादी वर आणून टाकली आहे. मी आता दुकानात पूर्ण वेळ असते. लग्नसराई आहे, जुन्या गाद्यांचा ढीग छताला लागलाय.

तुला एकच विचारायचं आहे. तू हो म्हणालीस की मी निश्चिंत. हे आता पुन्हा होणार नाही ना?

लवकर लिही.

तुझी,
झीनत

*

सोलापूर,
६ मे २०२४

विजू,

माझं पत्र मिळालं नसेल. टपालाचा काही भरवसा नाही, म्हणून पुन्हा लिहितेय.

तू म्हणाली होतीस ते रक्त देऊन आले. सगळं ठीक असेल तर कळवतील, असं मी धरून चाललेय. कुणी काही कळवलं नाही, म्हणजे ठीकच असणार.

ऊन फार आहे. काही काही दिवशी छाती जड वाटते. उन्हानंच असेल. तपकिरी पंप संपलाय, आणायचा राहतो. कपाटातला निळा काढून ठेवलाय, लागला तर असावा म्हणून.

पुन्हा होणार नाही ना, एवढंच लिही. एका ओळीचं कार्ड टाकलंस तरी चालेल.

झीनत

*

सोलापूर,
२३ जून २०२४

विजयमालाताईंना सरफराजचा सलाम.

झीनत दवाखान्यात हाय. मागल्या बुधवारी दुपारी दुकानात जुनी गादी उसवत होती. आधी खोकली, मग म्हणली, "यंत्र बंद करा." मी बंद करून आलो तवर खाली बसली होती. निळा पंप ओढ ओढ ओढला, काय उपयोग झाला न्हाय. ओठ निळे पडले. मी तिला उचलून रिक्षात घातली. राहत शाळेतनं तवाच आली, तिनं सगळं बघितलं.

आयसीयूत घशात नळी घातली होती. आता काढलीय. पण ती बोलत न्हाय. आवाज फुटत न्हाय का बोलायचंच न्हाय, मला कळंना. तुमाला कळवू का म्हणलं तर मानेनं नको म्हणली. तिला न सांगता लिहितोय.

ताई, तुमी वर्ष म्हणला होता. आमी एक बी सुई चुकवली न्हाय. तिच्या बापाच्या मयतीला बी तिला दवाखान्यातनं थेट नेली, सुई घेऊन.

मी डॉक्टर बसवराजसाहेबांना विचारलं, "साहेब, बरी झालेली बाई अशी कशी पडली?" साहेब म्हणले, "औषध थांबलं की त्या पेशी परत येतात. मेमधल्या रक्तातच परत आलेल्या असणार."

मी म्हणलं, "मग सांगितलं का न्हाय?"

साहेब म्हणले, "तो रिपोर्ट आमच्याकडं येत नाही. पुण्याला जातो."

पुण्याला म्हंजे तुमच्याकडंच की, ताई.

तिला दुकानात बसवली ही चूक माझी. मी ती कुणावर ढकलत न्हाय. पण ती बरी होती. गात होती. गाणाऱ्या माणसाला आजारी कोण म्हणंल? तुमच्या कागदात काय लिवलं होतं ते मला समजावून सांगा, म्हंजे मी तिला सांगतो.

सरफराज

*

पुणे,
१४ जुलै २०२४

प्रिय झीनत,

सरफराजचं पत्र वाचलं. तुला घरी सोडलं हे सिद्धरामदादानं फोनवर सांगितलं, तेव्हा कुठे लिहायला बसले.

तुझी फेब्रुवारीची आणि मेची पत्रं मला फार उशिरा मिळाली. मी सगळा वसंत परदेशात होते. वेळेवर मिळाली असती तर लगेच लिहिलं असतं.

सरफराजच्या प्रश्नाचं उत्तर देते. हे इंजेक्शन आजार काढत नाही, निरोप अडवतं. अडवणारं गेलं की निरोप पुन्हा सुरू होतो. हाडांच्या पोकळीत नव्या पेशी तयार होतात आणि पुन्हा मरायच्या थांबतात. हे होणार हे आम्हाला साधारण माहीत होतं, पण किती लवकर होतं आणि परत आलेल्या पेशी पहिल्यासारख्याच फुटतात का, हे कुणालाच नीट माहीत नव्हतं. मेमधलं रक्त त्यासाठीच होतं. तुम्ही सह्या केलेल्या कागदात ते लिहिलेलं आहे. मी मुद्दाम उघडून पाहिलं. मराठी प्रतीतही आहे.

जवळजवळ सगळ्यांच्याच रेघा तीन महिन्यांत वर गेल्या. तुझी कुठली हे मला खरंच माहीत नाही. नळ्यांवर नावं नसतात हे मी तुला पहिल्यापासून सांगितलं होतं. आणि समजा दिसलं असतं, तरी प्रयोगशाळेनं पेशंटला परस्पर कळवायचं नसतं. नियम आहे. आमच्या अभ्यासाचा लेख आता छापायला गेलाय. त्यात शेवटी आम्ही लिहिलं आहे की औषध थांबवताना रुग्णांवर लक्ष ठेवायला हवं. म्हणजे तुझ्या त्रासाचा पुढच्यांना उपयोगच होईल.

तपकिरी पंप तू का सोडलास? आणि दुकान? मी दोन्ही लिहिलं होतं.

पण भांडायला हे पत्र नाही. ऑक्टोबरपासून त्याच रुग्णालयात नवा अभ्यास सुरू होतोय. या वेळी थेट अस्तराच्या पेशींची ती पहिली हाकच अडवायची, म्हणजे पुढचं काहीच सुरू होणार नाही. त्यात घ्यायला दोन अटी आहेत. आधीचं इंजेक्शन थांबून काही महिने झालेले असावेत, आणि गेल्या वर्षभरात रुग्णालयात ठेवावं लागेल असा मोठा झटका येऊन गेलेला असावा. तू दोन्हीत बसतेस. मी डॉ. बसवराजांशी बोलले आहे, तुझ्यासाठी जागा धरून ठेवतील.

लगेच कळव.

तुझीच,
विजू

*

सांगोला,
२ सप्टेंबर २०२४

डॉ. विजयमाला यांस,

पत्र मिळालं. उत्तराला वेळ लागला, कारण एका बैठकीत दोन ओळींपुढं लिहिता येत नाही.

मी आता सांगोल्याला आईकडे आहे. सात रस्त्याच्या खोलीत दुसरे भाडेकरू आले, आणि दुकानावरच्या घरात राहायचं नाही असं डॉक्टरांनी सरफराजला तोंडावर सांगितलं. राहतची शाळा मधेच तुटली. सरफराज शुक्रवारी येतो. दाराबाहेर शर्ट काढून झटकतो, नळावर डोकं धुतो, मग आत येतो. तो विचारत होता, ताईंचं काय उत्तर आलं? मी तुमचं पत्र त्याला वाचून दाखवलं. तुमच्या वाक्यांचा मी त्याच्या भाषेत अर्थ सांगत गेले. सगळं ऐकून तो म्हणाला, "म्हंजे त्यांना म्हाईत होतं." मी म्हणाले, "साधारण."

तुम्ही विचारलंय, तपकिरी पंप का सोडला? दुकानात का बसले? सांगते. कोर्स संपला म्हणून. बरी झाले म्हणून. कोर्स हा शब्द माझा, अडाणी शब्द. पण तुम्ही तो उचललात. "कोर्समधली एकही सुई चुकवू नकोस" असं तुमच्या हातचं आहे. अभ्यास आणि कोर्स यातला फरक तुम्हाला माहीत होता, मला नव्हता. तुमचे आकडे बिघडू नयेत म्हणून माझा शब्द तुम्हाला चालला.

मराठी प्रतीत लिहिलेलं आहे, हेही खरं असेल. इंजेक्शनच्या आधी माझ्याकडे त्या प्रतीशिवाय दुसरंही काही होतं. माझ्याकडे तुम्ही होतात. मी सही केली ती त्या पानांवर नव्हे, तुमच्या पत्रावर.

माझी पत्रं तुम्हाला उशिरा मिळाल्याचंही वाचलं. सिद्धरामदादा हॉस्पिटलात भेटायला आला होता. साधा माणूस, त्याला काही लपवता येत नाही. म्हणाला, "विजू मार्चमध्ये आली होती की, चार दिवस. तुझं पत्र आल्याचं सांगत होती. झीनत अगदी बरी झाली म्हणून आईला वाचून दाखवलं." म्हणजे माझा प्रश्नही वाचून दाखवला असेल. तुमच्या घरापासून आमचं दुकान किती लांब आहे ते तुम्हाला माहीत आहे. तुम्ही यायचीही गरज नव्हती. त्याच्या हाती एक चिठ्ठी दिली असती तरी पुरलं असतं: झीनत, हे परत येईल, खोली सोडू नकोस.

तुम्ही वाईट आहात असं मला म्हणायचं नाही. मी खूप विचार केला. तुम्हाला बहुतेक असं वाटलं असेल की इतक्या आनंदात आहे, आता कशाला सांगा. किंवा मला सांगितलं तर मी मेचं रक्त द्यायला येणार नाही असं वाटलं असेल. यातलं कुठलं खरं, ते मला आता कळवू नका.

तुम्ही लिहिलंय की सगळ्यांच्याच रेघा वर गेल्या. बाकीचे कोण होते मला माहीत नाही, पण इंजेक्शनच्या दिवशी बाकावर आम्ही बसायचो. त्यात अक्कलकोटची एक गौरम्मा होती. नातवाला उचलून घेता येतं म्हणून रडली होती. तिची रेघही वर गेली असेल. तुमचा कागद तिथं संपतो. त्यापुढच्या जागेत मी नळी घालून पडले होते, आणि गौरम्मा कुठं आहे हे मला कुणी सांगत नाही. तिच्याकडे तर तुमच्यासारखी मैत्रीणही नाही.

माझ्या त्रासाचा पुढच्यांना उपयोग होईल असं तुम्ही म्हणता. पुढची माझ्याच घरात आहे. राहत गेल्या हिवाळ्यापासून सकाळी शिंकते. डोळे चोळते. मी हे तुम्हाला कधी लिहिलं नाही, स्वतःलाही नीट सांगितलं नव्हतं. इथं सांगोल्यात आल्यापासून शिंका कमी आहेत, पण गेलेल्या नाहीत. सासू निरोप पाठवते की पोरीला तरी परत पाठवा, तिला काय झालंय. मी पाठवणार नाही. एवढ्या एका गोष्टीत मी कुणाचंही ऐकणार नाही.

आता नव्या अभ्यासाचं.

मला वाटलं होतं, हे पत्र लिहायला बसेन आणि तुमची ती जागा तुमच्याच तोंडावर परत फेकीन. वाक्य तयारही होतं. पण गेल्या आठवड्यात आईच्या शेळ्यांना पाला टाकायला परसात गेले आणि दारापर्यंत परत येता येईना. मधेच खाली बसले. राहत धावत आली, तिनं पंप दिला, पाठ चोळली. लहान मुलीनं ज्या सवयीनं ते केलं, ते बघून माझं तयार वाक्य गेलं.

मी येते. डॉ. बसवराजांना नाव द्यायला सांगा. मी दोन्ही अटींत बसते, हे तुम्ही बरोबर लिहिलंत. मरता मरता वाचलेली बाई तुम्हाला हवी आहे आणि मला श्वास हवा आहे. यात मैत्री कुठं येत नाही, आणलीही पाहिजे असं नाही.

एक मागणं आहे, माझ्यासाठी नव्हे. या वेळी त्या बाकावर ज्या बायका बसतील, त्यांना सही घेण्याआधी कुणीतरी साध्या मराठीत सांगावं, कन्नडवाल्यांना कन्नडमध्ये: हे औषध वर्षानं थांबेल, मग दुखणं बहुतेक परत येईल, आणि तेव्हा औषध मिळणार नाही. एवढंच सांगायचं आहे. ते ऐकूनही सह्या होतील, काळजी करू नका. मी तर ते ऐकूनच करतेय. पण खोली सोडायची की नाही, हे त्या बायका आपल्या अकलेनं ठरवतील.

आणि यापुढं मला काही कळवायचं असेल तर रुग्णालयातून कळवा. तुमच्या नियमातही तेच बसतं. रक्त दर महिन्याला पोचेल. पत्र येणार नाही.

झीनत सरफराज